दारोदारची फेरी आणि घरातली बैठक: प्रसाधन विक्रीच्या दोन वाटा

घरोघर पुस्तके विकणाऱ्या डेव्हिड मॅकॉनेल यांच्या लक्षात आले की, पुस्तकांपेक्षा सोबत भेट म्हणून दिलेली अत्तराची कुपीच गृहिणींना अधिक हवीशी वाटते. म्हणून १८८६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये अत्तरांचा व्यवसाय सुरू केला. कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी म्हणून नावारूपाला आलेला हा व्यवसाय १९३९ मध्ये एव्हॉन झाला. पहिल्या संचात व्हायोलेट, पांढरा गुलाब, हेलिओट्रोप, लिली ऑफ द व्हॅली आणि हायसिंथ असे पाच गंध होते. न्यू हॅम्पशायरच्या पर्सिस अल्बी या दारोदार फिरून ही अत्तरे विकणाऱ्या पहिल्या प्रतिनिधी. अमेरिकी स्त्रियांना देशव्यापी मतदानाचा हक्क १९२० मध्ये मिळाला, हे ध्यानात घेतले की अशा विक्रेत्या स्त्रियांच्या स्वकमाईचे मोल कळते.

मेरी के अ‍ॅश यांनी १९६३ मध्ये डॅलसमध्ये ५,००० डॉलरच्या बचतीवर प्रसाधनांची कंपनी काढली, तेव्हा दारोदार फिरण्याऐवजी एखाद्या घरी जमलेल्या मोजक्या मैत्रिणींसमोर त्वचेची निगा शिकवण्यावर भर दिला. एकाच बैठकीत अनेक ग्राहक मिळत असल्याने वेळेच्या हिशेबात ही पद्धत सरस ठरते; तरीही एकटीने अनोळखी दार ठोठावणारी पहिली वाट मला अधिक धाडसाची वाटते.