सिंगापूरची नॅशनल ऑर्किड गार्डन: मूळ जाती पाहायला जाणार असाल तर

सिंगापूर बोटॅनिक गार्डनला प्रवेश फुकट आहे, तिच्या पोटातल्या नॅशनल ऑर्किड गार्डनला मात्र तिकीट पडतं. कुठे थांबायचं हे ठाऊक असेल तर ते पुरेपूर वसूल होतं. १९९५ साली खुल्या झालेल्या या संग्रहात हजारावर मूळ, म्हणजे निसर्गात आढळणाऱ्या जाती आहेत आणि दोन जाती जुळवून केलेले संकर त्यांच्या दुप्पट. दर्शनी ताटवे नि कमानी बहुतेक संकरांच्याच. रंगांत गुंतून अर्धी सकाळ तिथेच जाते, म्हणून आधी मिस्ट हाउस (धुक्यासारखा दमटपणा राखलेलं दालन) गाठावं आणि कूल हाउस (थंड ठेवलेलं दालन) शेवटी ठेवावं. गार कूल हाउसमधून बाहेरच्या दमट उन्हात आलं की लेन्सवर बाष्प धरतं. निघण्यापूर्वी कॅमेरा बंद पिशवीत घाला आणि बाहेर आल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या.

पाट्या नीट वाचा. पहिलं नाव प्रजातीचं (genus), त्यापुढचा शब्द रोमनमध्ये लहान अक्षराने सुरू होत असेल तर ती मूळ जात, कॅपिटलने होत असेल तर संकर. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल, व्हँडा मिस जोकिम, हाही संकरच. पेन्सिलीसारखी गोल पानं त्याला दोन्ही पालकांकडून आली आहेत.

खरा ऐवज कूल हाउसमध्ये आहे. उष्ण कटिबंधातल्या डोंगरांवरचं धुक्याचं जंगल तिथे उभं केलंय, घटपर्णीसुद्धा दिसतात. काही फुलं जेमतेम काही मिलिमीटरची, तेव्हा दहापट भिंग हवंच. पाकळ्यांपेक्षा मधला स्तंभ पाहा: टोकाच्या टोपीखाली परागपुंज, त्याखाली चिकट खळगा, म्हणजे कुक्षी. बोट मात्र लावू नका. परागपुंज कुक्षीला चिकटला की फूल लवकर मावळतं आणि पुढच्या माणसाला काहीच उरत नाही.

मुळंही बघण्यासारखी आहेत. कोरडी असताना रुपेरी, भिजली की हिरवी. वरचं स्पंजासारखं आवरण पाण्याने पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. सह्याद्रीतल्या सीतेची वेणी या ऑर्किडची मुळं पावसाळ्यात अशीच रंग बदलतात. उंच फांद्यांवरच्या जातींसाठी जवळचंही स्पष्ट दाखवणारी दुर्बीण घ्या.

बाग सकाळी साडेआठला उघडते. मेट्रोने नेपियरला उतरा. 'बोटॅनिक गार्डन्स' नावाचं स्थानक दुसऱ्या टोकाला आहे, तिथून पायपीट जास्त. आणि तिकिटाच्या कुंपणाबाहेर, मोठ्या बागेतच, १८६१ साली लावलेलं टायगर ऑर्किडचं अजस्र बेट आहे, ते चुकवू नका.