लोखंडी रंधा घ्यावा की क्रेनॉव्हसारखा लाकडी बनवावा?

हाताने फर्निचर करायला सुरुवात केली की पहिला चांगला रंधा कुठला यावर सगळेच अडतात. एकतर बेली पॅटर्नचा चार नंबरच्या मापाचा लोखंडी, नाहीतर जेम्स क्रेनॉव्ह हा नावाजलेला फर्निचर कारागीर वापरायचा तसा, स्वतः बनवायचा लाकडी. माझ्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे हे मत अगदीच एकतर्फी नाही (थोडं आहे).

लोखंडीचं कौतुक आधी करतो. लिओनार्ड बेलीचं हे डिझाइन स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये घेतलं आणि अजून सगळे तेच काढतायत, म्हणजे त्यात दम आहे. मागची चाकी फिरवली की पातं खाली-वर, नवशिक्याला लगेच जमतं, आणि वजनामुळे कडक लाकडावर अडखळत नाही.

पण तळ! स्वस्तातला नवा रंधा सपाट येईलच असं नाही. माझा मधे पोकळ निघाला, पात्याच्या पुढची कड फळीला टेकतच नव्हती, आणि तिथे दाब नसला की बारीक पापुद्रा निघायच्या ऐवजी लाकूड उपटतं, उलटसुलट रेषांच्या सागवानात तर हमखास. मग काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासा, घासा आणि अजून घासा, बीड (ओतीव लोखंड) काही झिजत नाही, संध्याकाळच्या संध्याकाळ जाते आणि मधला न घासलेला काळा पट्टा तसाच. महागातले सपाट येतात म्हणे, पण त्या पैशात चांगलं लाकूड येतं हो.

लाकडीचा तळसुद्धा बिघडतो, उलट जास्तच बिघडतो, कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारू नका. फरक एवढाच की तोच पेपर, तीच काच, आणि चहा उकळेपर्यंत काम संपलेलं असतं. फक्त पातं किंचित वर घेऊन, ते घट्ट धरणारी पाचर ठोकलेलीच ठेवून घासायचं, कारण पाचरीच्या ताणाने तळ थोडा वाकतो.

बनवणंही अवघड नाही. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या कापून वेगळ्या करायच्या, मधला तुकडा ४५ अंशात कापायचा, परत चिकटवायचं, आडवी दांडी आणि पाचर. क्रेनॉव्ह सैबेरियात जन्मलेला, स्टॉकहोमला फर्निचर डिझायनर कार्ल माल्मस्टेनकडे शिकलेला, १९८१ पासून कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगला शिकवायचा. त्याचे रंधे बाहेरून ओबडधोबडच असायचे, हात बसतो तिथे मात्र गोलाई. पात्याने निघालेला पृष्ठभाग पेपर मारून मारायचा नाही हा त्याचा आग्रह. सागवानावर लाकडी रंध्याचा शेवटचा हात मारून फळी उजेडात तिरकी धरा, मग पेपर हातात घ्यायला जीव होत नाही.

त्रास आहेच. पातं हातोडीने सेट करायचं, पात्याच्या वरच्या टोकावर ठोकलं की खाली, ठोकळ्याच्या मागच्या बाजूला ठोकलं की वर, आणि सवय होईपर्यंत चिडचिड होते. शिवाय तुमचं काम जास्त करून प्लायच्या कडांचं असेल किंवा रंधा चार जणांच्या हातात फिरणार असेल तर गुपचूप लोखंडी घ्या, खरंच.

सॉलिड लाकडात, एकट्याने, निवांत करणार असाल तर मी लाकडी बनवा म्हणेन. पातं जाड घ्या आणि ठोकळा कापायच्या आधीच आणून ठेवा, कारण मधल्या तुकड्याची रुंदी त्यावरूनच ठरते.