अमदावाद नी गुफा आणि तिच्या अंगणातलं कॅफे

अमदावाद नी गुफा म्हणजे अहमदाबादमधलं, गुहेसारखं जमिनीखाली बांधलेलं चित्रदालन. आधी गुडघेदुखीवाल्यांसाठी: गुफेत उतरताना कुणाचा तरी हात धरा. जिना अर्धा लपलेला आहे, दार गोल आहे, आणि आतली जमीन सपाट नाही. चप्पल पक्की हवी. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आत नेणं अवघड जाईल.

मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ३१ वर्षं ड्राफ्टिंग केलं. सुरुवात टी-स्क्वेअर आणि रोटरिंग पेननं, पुढे ऑटोकॅड. सरळ रेघ ही माझी रोजीरोटी. त्यामुळे जिथे एकही सरळ भिंत नाही अशी जागा बघायला जाताना मनात थोडी अढी होतीच. भाची अहमदाबादला सेप्ट या आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगच्या विद्यापीठात नगररचना शिकते, गुफा त्या आवाराला लागूनच. ती म्हणाली, "आत्या, आत जाईपर्यंत काही बोलू नकोस."

आत गेल्यावर बोलायला सुचलंच नाही. घुमट वरून खाली उतरत येतो आणि तसाच जमिनीला मिळतो. भिंत कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. खांब झाडांच्या बुंध्यांसारखे तिरके, एकासारखा दुसरा नाही. छताला बाहेर काढलेल्या नळकांड्यांतून उजेडाचे गोल जमिनीवर पडतात, आणि ऊन सरकेल तसे तेही सरकतात. त्यांतला एक माझ्या पायाजवळ होता. चित्रकार हुसेन यांनी भिंतीवर रंगवलेली चित्रं बघून परत वळले तोवर तो खांबाच्या बुडाशी गेलेला. हे कवच फेरोसिमेंटचं, म्हणजे तारेच्या जाळीवर थापलेल्या सिमेंटचं आहे, जाडी फक्त एक इंच. आकार कॉम्प्युटरवर बसवला आणि बांधकाम आदिवासी मजुरांनी साध्या हातअवजारांनी केलं. मी आयुष्यभर स्लॅबचे सेक्शन काढले, म्हणून सांगते, एक इंचात असं काही उभं राहतं हे कागदावर दाखवलं असतं तर आमच्या ऑफिसात कुणी विश्वास ठेवला नसता. बाहेरून घुमटांवर फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचं काम आहे आणि त्यावरून काळा नाग वळसे घेत जातो.

मराठी माणसानं इथे जायला आणखी एक कारण आहे. चित्रकार मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, जन्म १९१५. वास्तुकार बाळकृष्ण दोशी पुण्याचे, जन्म १९२७, घरचा धंदा फर्निचरचा. एक आमच्या विठोबाच्या गावचा, एक आमच्याच शहरातला, आणि दोघांनी मिळून १९९०च्या दशकात हे काम उभं केलं ते साबरमतीच्या गावात.

आता कॅफेबद्दल. गुफेच्या अंगणात, झाडांखाली, उघड्यावर बसायचं. आम्ही कोल्ड कोको आणि सँडविच घेतलं. कोको दाट, गार, गोडाला जरा जास्त. माझ्यासारखीनं दोघींत एक घ्यावा. सँडविच साधं, ताजं. पण खरी किंमत वसूल होते ती बसण्यात. दोन तास बसलो, कुणी बिल पुढे सरकवलं नाही. शेजारी विद्यार्थी पायरीवर लॅपटॉप मांडून, पलीकडे एक आजोबा नुसतेच. टेबल मिळालं नाही तर कठडा आहे, कठडा नाही तर पायरी.

भाची म्हणाली की कुणालाही असं बसू देणारी जागा करायची, हीच गोष्ट दोशीसर आयुष्यभर शिकवत आले. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकून ते १९५१ मध्ये पॅरिसला ल कॉर्बुझिए या नामवंत वास्तुकाराकडे गेले. पहिले आठ महिने पगार नव्हता. मग कॉर्बुझिएंचीच अहमदाबादची कामं बघायला इकडे आले आणि इथलेच झाले. १९६२ मध्ये त्यांनी आर्किटेक्चरचं स्कूल काढलं, १९७२ मध्ये प्लॅनिंगचं. आज त्यालाच सेप्ट म्हणतात. तिनं मला स्कूलची जुनी इमारत फिरवून दाखवली: उघड्या विटांच्या भिंती, उत्तरेचा उजेड, खाली मोकळा ओटा. वर्ग कुठे संपतो आणि कट्टा कुठे सुरू होतो ते कळत नाही. त्या पायऱ्यांवर बसलेल्या पोरांकडे बघताना मला एकदम माझी जुनी ड्रॉइंग आठवली.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे लहान घरांच्या एका स्कीमचं काम होतं. पहिल्या आराखड्यात प्रत्येक दाराशी ओटा होता. क्लायंट म्हणाले, एवढी जागा वाया कशाला. साहेबांनी मान हलवली, आणि ट्रेसिंगवरचे ते ओटे मी ब्लेडनं खरवडून काढले. एकेक करून, सगळे. कागदावर ब्लेडचे पांढरट डाग राहिले होते, ते मला अजून दिसतात.

इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीत दोशींनी याच्या उलट केलं. सुमारे साडेसहा हजार घरांची योजना, सगळ्यात लहान प्लॉट ३५ चौरस मीटर. गरिबाला पुरतं घर बांधून द्यायचं नाही. जोतं, एक खोली, न्हाणी-संडास, पाणी-वीज-ड्रेनेजची जोडणी द्यायची, बाकी ज्याचं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. नमुन्यादाखल ८० घरं बांधून दाखवली, त्यांत ओटे, बाहेरून जाणारे जिने, सज्जे. त्या कामाला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये दोशींना प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय, तेव्हा पेपरात फोटो आले होते गुफेचे. माझ्या मते फोटो ओट्यांचे यायला हवे होते. २०२३च्या जानेवारीत ते गेले. मला त्यांना एकदा ऐकायचं होतं, ते राहून गेलं.

जाणाऱ्यांसाठी: गुफा सकाळी उघडी नसते. आम्ही दुपारी चारला गेलो आणि अंधार पडेपर्यंत थांबलो. आधी गुफा, मग कॅफे, हाच क्रम ठेवा, कारण ऊन असताना आतले उजेडाचे गोल दिसतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर बसवणार नाही, थंडीत जा. लहान मुलांना जरूर न्या. आमच्यासमोर एक चार-पाच वर्षांचा मुलगा उजेडाच्या गोलात उभा राहायचा, गोल सरकला की पुन्हा आत शिरायचा, आणि त्याची आई त्याला ओढून नेत नव्हती.

मी पुन्हा जाईन. पण त्याआधी भाचीबरोबर इंदूरची तिकिटं काढायची आहेत.