इंजिनचं काम झाल्यावर वायरिंग बिघडलं: गाडी मिस्त्रीकडे, वायरिंगवाल्याकडे की स्कॅनरवर?

इंजिन खोलण्याआधी सगळं नीट चालत होतं आणि गाडी परत आल्यावर लाइट मिचमिचायला लागले, तर "वायरिंग जुनं झालंय" हे ऐकून पूर्ण हार्नेस (गाडीतल्या तारांचा जुडगा) बदलायला निघू नका. इंजिन उतरवताना ज्या तारा, जे कपलर (तारा जोडणारे प्लग) सुटले, खोट बहुतेक तिथेच असते.

माझ्या जिप्सीचं सांगतो. मे महिना, नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकलेला. हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा चढायचा, बंद केला की उतरायचा. सेल्फ कण्हत फिरायचा. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट बदलला, फरक शून्य. एका सकाळी सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लागला, तर ती चक्क गरम! सेल्फ शंभराच्या वर अँपिअर खेचतो. त्या करंटला परतायला जाड अर्थ पट्टी (इंजिन आणि चेसिस जोडणारी तार) मिळाली नाही की तो केबलमधून वाट काढतो. मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवलं, लाल इंजिन ब्लॉकवर, आणि भावाला सेल्फ मारायला सांगितलं. १.४ व्होल्ट! तिथे ०.२ च्या आसपास, फार तर ०.५ दिसायला हवं. चेसिसला नवा रंग मारला होता आणि पट्टी त्या रंगावरच कसली होती. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं लोखंड उघडं केलं, पट्टी पुन्हा कसली. काटा जागेवर बसला.

म्हणून गाडी कोणाकडेही न्या, त्याआधी हे एवढं घरी तपासा. साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. चालू असतानाही बाराच्या घरात राहिली, तर अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची) तार किंवा कपलर लावायचा राहिलाय का ते बघा.

आता निवड. इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रीकडे परत जाण्यात मोठा फायदा म्हणजे काय काय सोडलं होतं ते त्यालाच ठाऊक असतं, आणि काम त्याचंच असल्यानं पैसेही सहसा मागत नाही. पण करंटचा माग काढणं हा त्याचा हातखंडा नसतो. एकदा न्या. दुसऱ्यांदाही तो अंदाजानं पार्ट बदलायला लागला, तर थांबवा.

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल जीपसाठी मी डोळे झाकून वायरिंगवाला निवडीन. सेल्फ, चार्जिंग, लाइट, मीटर एवढाच तिचा पसारा. बेलहाउसिंगखाली (क्लचभोवतीच्या कवचाखाली) चेमटलेली किंवा सायलेन्सरला टेकून जळालेली तार अनुभवी माणूस टेस्ट लॅम्पनं, म्हणजे तारा जोडलेल्या साध्या बल्बनं, लवकर पकडतो. आपल्याकडच्या उन्हानं तारांचं कव्हर कडक होतं, हलवलं की तडकतं, हेही त्याला सांगावं लागत नाही.

ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत मात्र तोच टेस्ट लॅम्प धोक्याचा. सेन्सरच्या तारेवर बल्ब लावला तर ईसीयू जाऊ शकतो. आणि चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासायची जुनी सवय कुणाला असेल, तर कृपा करून त्याचा हात धरा; त्या झटक्यात हजारोंचा फटका बसतो. थार सीआरडीई, नवी थार किंवा इंजेक्शनवाली जिप्सी असेल आणि चेक लाइट पेटला असेल, तर आधी स्कॅनर, म्हणजे ईसीयूमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. फक्त कोडवर विसंबून पार्ट घेऊ नका. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. सेन्सर खराब आहे की कपलर अर्धवट बसलाय, ते कोड सांगत नाही. इंजिन काम नुकतंच झालं असेल, तर मी आधी कपलरच बघीन. काढून आतल्या पिना बघा, तेल-माती पुसा, 'टक' आवाज येईपर्यंत दाबा.

पेंच, उमरेडच्या जंगलांच्या बाजूला जाणाऱ्यांनी आणखी एक करावं. गाडी ताब्यात घेताना मिस्त्रीला बॉनेट उघडायला लावा आणि हार्नेसच्या सगळ्या क्लिपा परत लागल्यात का ते स्वतः मोजा. शहरातल्या डांबरावर लोंबती तार महिनोन् महिने टिकते. कच्च्या रस्त्यावर तीच तार घासून तांबं उघडं पडतं, आणि गाडी बंद पडते ती गेटपासून आत, मोबाइलला रेंज नसलेल्या जागी.