बंदर हलवावे की शेजार निभवावा?

शहराच्या मध्यावरील बंदराची जमीन पुनर्विकासाला द्यावी का, हा निर्णय बहुधा जमिनीच्या भावावर घेतला जातो. इमारती दुसरीकडेही उभ्या राहू शकतात. खोल पाणी, भक्कम धक्का आणि रेल्वेमार्ग एकत्र असलेली जागा मात्र एकदा हातची गेली की सहसा परत मिळत नाही.

संपूर्ण स्थलांतराचा मार्ग फिनलंडची राजधानी हेलसिंकीने नेटाने राबवला. २००८ मध्ये शहराच्या पूर्वेकडील वुओसारी येथे स्वतःच्या रेल्वेमार्गासह नवे मालवाहू बंदर सुरू झाले आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या यात्कासारी व कालासातामा या जुन्या बंदरभागांत घरे उभी राहू लागली. आधी पर्यायी बंदर आणि मग वस्ती, हा क्रम महत्त्वाचा आहे. तरीही शेजारच्या एस्टोनियातील तालिनला ये-जा करणाऱ्या प्रवासी बोटी यात्कासारीतच राहिल्याने बोटीतून उतरणाऱ्या मोटारी आणि ट्रक आज त्याच वस्तीतून जातात. अर्धवट हललेल्या बंदराचा त्रास असा उरतो.

बंदर हलणारच नसेल, तर जर्मनीतील हाम्बुर्गच्या हाफेनसिटीकडे, म्हणजे जुन्या बंदराच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या नव्या वस्तीकडे, पाहावे. सुमारे १५७ हेक्टरांच्या या भागासमोर, एल्बे नदीपलीकडे, बंदराचे काम रात्रीही चालते. त्यामुळे तिथल्या अनेक घरांना अर्धवट उघडल्या तरी आवाज अडवणाऱ्या खिडक्या आहेत आणि पुरापासून बचावासाठी नव्या इमारतींखालची जमीन समुद्रसपाटीपासून ८ ते ९ मीटरपर्यंत उचललेली आहे. हा शेजार स्वस्त नाही. शिवाय आवाज रोखण्याची जबाबदारी नव्या इमारतीवर परवानगीच्या वेळीच टाकली नाही, तर नंतर आलेले रहिवासी आधीपासून चालणाऱ्या क्रेनविरुद्ध तक्रारी करतात आणि हळूहळू बंदराचेच तास कमी होतात.

तिसरा मार्ग दिसायला सर्वांत नीरस, पण माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. लंडनने थेम्सकाठचे निवडक धक्के नियोजनाच्या आदेशांनी मालवाहतुकीसाठी राखून ठेवले. वाळू, खडी, सिमेंट यांसारखा जड आणि स्वस्त माल शहरालाच लागतो. हजार टन खडीचा एक बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) म्हणजे रस्त्यावरचे वीस टनी पन्नास ट्रक कमी.

खोल पाण्याचा आणि रेल्वेने जोडलेला पर्याय तयार असेल तर स्थलांतर करावे. तो नसेल तर चालू धक्के राखून, बंदराच्या कुंपणालगत घरांऐवजी गोदामे, कार्यशाळा किंवा कार्यालये ठेवावीत आणि जमीन विकण्याऐवजी मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, कारण शेकडो सदनिकाधारकांच्या मालकीची झालेली जमीन पुन्हा बंदराकडे आणणे जवळजवळ अशक्य असते.