पोटठेकेदाराचं बिल अडकलं: मुख्य ठेकेदाराच्या नोंदणीवर तक्रार, की पैशासाठी दावा?

मुख्य ठेकेदाराचं बिल सरकारी बांधकाम खात्यातून (पीडब्ल्यूडी) निघालं, तुमच्या हातात मात्र काहीच आलं नाही. अशा वेळी पहिल्यांदा तोंडात येतं ते हेच: ‘पीडब्ल्यूडीत तक्रार करतो, याचं लायसन्सच रद्द करायला लावतो.’ राग रास्त आहे. सेंट्रिंगवाला, गवंडी, खडीवाला तुमच्या दारात उभा असतो, मुख्य ठेकेदाराच्या नाही. पण या तक्रारीतून महाराष्ट्रात पैसे हातात पडतात का, आणि दुसरे मार्ग त्याहून काय जास्त देतात, हे अर्ज लिहिण्याआधी पाहून घ्या.

नोंदणीवर तक्रार

परवान्याचा धाक खरोखर चालतो अशी ठिकाणं आहेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ठेकेदारांना परवाने देणारं सरकारी मंडळ आहे. लेखी काही वेगळं ठरलं नसेल, तर मुख्य ठेकेदाराने हप्ता मिळाल्यापासून 7 दिवसांत पोटठेकेदाराचा वाटा द्यायचा असा तिथला कायदा आहे. टाळाटाळ केली तर दरमहा 2 टक्के दंड, शिवाय परवान्यावर कारवाई. कोर्टाने हुकूम देऊनही पैसे भरले नाहीत तर परवाना निलंबित होऊ शकतो. तिथे परवाना वाचवायचा असेल तर देणी भागवावी लागतात.

आपल्याकडे ही साखळीच नाही. पीडब्ल्यूडीची नोंदणी म्हणजे कोणी किती रकमेपर्यंतची निविदा भरावी याची वर्गवारी. ठेकेदार काळ्या यादीत जातो तो खोटी कागदपत्रं, निकृष्ट काम, अर्धवट सोडलेलं काम अशा कारणांनी, म्हणजे खात्याचं नुकसान झालं तर. तुमचं नुकसान हा खात्याच्या लेखी तुमच्या दोघांतला व्यवहार. कारण खात्याचा करार त्याच्याशी आहे, तुमच्याशी नाही. उलट बी-1, बी-2 या पीडब्ल्यूडीच्या ठरावीक नमुन्यांतल्या निविदांच्या अटींत लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला द्यायला मनाई असते. परवानगी नसेल तर तुमचा तक्रार अर्जच सांगतो की काम बेकायदा दुसऱ्याकडे गेलं होतं. त्याचा फटका मुख्य ठेकेदाराला बसेलही, पण तुमचं बिल त्यातून सुटत नाही.

जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचं काम केलेल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली, तेव्हा सरकारकडून आलेलं उत्तर हेच होतं की कामाचा करार त्याच्या नावावर नव्हता. ज्याने चर खणले, पाईप टाकले, त्याचं नाव सरकारी कागदावर नसणं ही आपल्या कंत्राटी पद्धतीतली सगळ्यात क्रूर गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं. आणि म्हणूनच, ज्या कार्यालयाच्या कागदावर तुमचं नाव नाही तिथे सगळी ताकद खर्च करू नका.

समजा अधिकाऱ्याने मनावर घेतलं, तरी कारवाईला वेळ लागतो. काळ्या यादीत टाकण्याआधी बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच सांगितलं. 2014 मध्ये त्यात भर पडली: नेमकी हीच कारवाई प्रस्तावित आहे हे कारणे दाखवा नोटिशीतून स्पष्ट व्हायला हवं. हे सगळं पार पडून तो यादीत गेला, तर त्याची पुढची कामं थांबतात आणि तुम्हाला द्यायचा पैसाही आटतो.

तरी एक पत्र जरूर द्या. मुख्य ठेकेदाराचं शेवटचं बिल किंवा अनामत अजून खात्याकडे असेल, तर कार्यकारी अभियंत्याला पोच घेऊन लेखी कळवा. ते पैसे रोखून धरायला खातं बांधील नाही, पण ते पत्र पुढे कोर्टात कामाला येतं. मजुरांची मजुरी थकली असेल तर प्रश्न वेगळा. कंत्राटी कामगारांची मजुरी ठेकेदाराने दिली नाही तर मूळ मालकाने, म्हणजे काम करवून घेणाऱ्याने, द्यायची, ही 1970 च्या कायद्यातली तरतूद नव्या कामगार संहितेतही कायम आहे. फक्त लक्षात ठेवा, मजूर तुमचे असतील तर त्या तक्रारीत ठेकेदार म्हणून तुमचंही नाव येतं.

एमएसएमई परिषद

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारी ही सरकारी परिषद. कागदावर हा सगळ्यात दमदार मार्ग. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट 6 टक्के धरला तर व्याज 18 टक्के. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि समोरच्याला तो रद्द करून घ्यायचा असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. ही अट नुसता वेळ काढणाऱ्याला खरोखर जड जाते. अर्ज ऑनलाइन होतो. निकालाची मुदत कायद्यात 90 दिवसांची असली तरी तेवढ्यात निकाल लागेल असं गृहीत धरून उसनवारी करू नका.

आता अडचण. मजुरी आणि माल एकत्र असलेल्या कामाच्या ठेक्याला, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्टला, हा कायदा लागू होत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने 2017 आणि 2021 च्या निकालांत म्हटलं आहे. बहुतेक पोटठेकेदारांचं काम नेमकं याच प्रकारचं असतं. नुसता माल पुरवला असेल किंवा नुसती सेवा दिली असेल, उदाहरणार्थ मशिनरी भाड्याने, डिझाइन, टेस्टिंग, तर तुमची बाजू मजबूत. स्लॅब, रस्ता, पाइपलाइन मालासकट घेतली असेल तर समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेणार. उद्यम नोंदणीची, म्हणजे तुमच्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीची, तारीखही पाहा. करारानंतर केलेल्या नोंदणीचा फायदा मागच्या व्यवहाराला मिळत नाही असं सर्वोच्च न्यायालय 2022 मध्ये म्हणालं होतं. 2025 मध्ये नोंदणीचा हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. मध्यम उद्योगांना ही दाद नाहीच.

व्यापारी न्यायालय

बांधकामाचा ठेका आणि रक्कम 3 लाखांच्या वर, तर दावा इथे. तातडीचा हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते आणि साधारण 3 महिने घेते. अनेकांना हा वेळकाढूपणा वाटतो. मला तसं वाटत नाही, कारण खर्च कमी असतो आणि मुख्य ठेकेदाराला पहिल्यांदाच एका टेबलावर बसून आकडा बोलावा लागतो.

या मार्गाची खरी ताकद मात्र जप्तीत आहे. मुख्य ठेकेदार मालमत्ता दुसरीकडे फिरवतोय असं दाखवता आलं, तर खात्याकडे असलेलं त्याचं बिल आणि अनामत निकालाआधीच अडकवून ठेवण्याचा अर्ज करता येतो. कोर्ट हा हुकूम सहज देत नाही, भक्कम पुरावा मागतं. पण हुकूमनामा झाल्यावर त्याला खात्याकडून येणं असलेली रक्कम थेट तुमच्याकडे वळवता येते. नोंदणीवरच्या तक्रारीतून जो दबाव येईल असं वाटत होतं, तो प्रत्यक्षात इथे येतो. करारात लवादाचं कलम असेल तर दाव्याऐवजी लवाद, आणि असाच अंतरिम अर्ज लवाद कायद्याखाली.

दिवाळखोरीचा अर्ज

मुख्य ठेकेदार कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल आणि थकबाकी किमान 1 कोटी असेल तरच. आधी 10 दिवसांची मागणी नोटीस. नोटिशीआधीपासून मापं, दर, दर्जा यांवर खरा वाद असल्याचं त्याने दाखवलं की अर्ज फेटाळला जातो. दाखल झालाच, तर बाकीची वसुली थांबते आणि बँका तुमच्या पुढे उभ्या राहतात. मी हा पर्याय शेवटी ठेवेन.

करातला दबाव विसरू नका. जीएसटी बिलाचे पैसे 180 दिवसांत दिले नाहीत तर मुख्य ठेकेदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे तुमच्या बिलातल्या जीएसटीची त्याने घेतलेली वजावट, व्याजासह परत करावं लागतं. त्याला पाठवायच्या नोटिशीत ही ओळ घाला. ती त्याच्या सीएपर्यंत पोचते.

मग निवड कशी करायची?

नुसता माल किंवा सेवा, आणि उद्यम नोंदणी आधीची: परिषद. मालासकट काम: व्यापारी न्यायालय किंवा लवाद. त्याने दिलेला चेक वटला नसेल तर सगळ्यात आधी तो धरा. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली नाही तर ती संधी हातची जाऊ शकते. खात्याला पत्र यातल्या प्रत्येक मार्गासोबत द्या, पण एकटं नको.

वर्क ऑर्डर लेखी नसेल तरी हातपाय गाळू नका. व्हॉट्सअॅपवरचे मापांचे फोटो, साइट इंजिनिअरची सही असलेली चलनं, बँकेत आलेले आधीचे हप्ते, आणि 26एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या करकपातीच्या विवरणात, त्याने कापलेला दिसणारा टीडीएस हे सगळं नातं सिद्ध करायला चालतं. ते आजच एका फाइलला लावा. दाव्याची मुदत 3 वर्षांची असते आणि ‘पुढच्या बिलात बघू’ म्हणत त्यातली दोन कधी सरतात ते कळत नाही. त्याच्याकडून बाकीची रक्कम मुदतीच्या आत लेखी कबूल करून घेतली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.