एजंटला डिलीट करणारं टूल देताय? मग इशारा कुठे लिहायचा ते आधी ठरवा

एआय एजंटला (स्वतः पायऱ्या ठरवून काम करणाऱ्या एआयला) कंपनीतली टूल्स जोडायची म्हटलं की नुसतं वाचणाऱ्या टूल्सवर कोणी वाद घालत नाही. प्रश्न येतो तो पुसणाऱ्या टूल्सचा. त्यांचा धोका एजंटला कळवायला तीन जागा आहेत: टूलचं वर्णन (किंवा एजंट्स.एमडीसारखी सूचनांची फाइल), एमसीपीमधले (एआयला बाहेरची टूल्स जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीतले) हिंट, म्हणजे टूलवर लावायच्या खुणा, आणि टूलचं स्वतःचं वागणं, म्हणजे ड्राय रन (काही न बदलता काय होईल ते नुसतं दाखवणं), नकार, एरर. हाताशी एकाच कामाचा वेळ असेल तर तो तिसऱ्याला द्या. पण पहिलं जवळजवळ फुकटात होतं आणि बहुतेक ठिकाणी उरकून टाकलेलं असतं, म्हणून आधी ते.

ही दोन वर्णनं शेजारी ठेवा.

«डिलीट_कस्टमर: ग्राहकाची नोंद हटवते. काळजीपूर्वक वापरा.»

«डिलीट_कस्टमर: ग्राहकाची नोंद आणि तिला जोडलेली सगळी बिलं कायमची पुसते. सॉफ्ट डिलीट (नुसतं लपवून ठेवणं) नाही. परत आणायला बॅकअपच लागेल. खातं नुसतं बंद करायचं असेल तर डीअ‍ॅक्टिव्हेट_कस्टमर वापरा.»

पहिल्यातली काळजी नेमकी कशाची, हे माणसालाही सांगता येणार नाही. दुसऱ्यात काय जातं, परत येतं का आणि त्याऐवजी काय वापरायचं, हे तिन्ही आहे. यातलं ‘त्याऐवजी’ सगळ्यात मोलाचं. नुसतं ‘नको’ म्हटलं की काम अडतं, आणि अडलेला एजंट स्वतःच वाट काढायला बघतो.

तरीही मजकुराचा भरवसा किती धरायचा? जुलै 2025मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एजंटने, बदल करू नकोस असं वारंवार बजावूनही, एका वापरकर्त्याचा प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातला) डेटाबेस पुसला. वर रोलबॅक (आधीच्या स्थितीवर परत नेणं) होणार नाही असंही ठोकून दिलं. प्रत्यक्षात रोलबॅक झाला. नंतर कंपनीने जाहीर केलेल्या उपायांत डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शनचे डेटाबेस वेगळे करणं होतं. आणखी ठळक अक्षरांत सूचना लिहून हा प्रश्न सुटला नसता.

हिंटचं काम वेगळं. मार्च 2025च्या एमसीपी आवृत्तीत ते आले: रीडओन्लीहिंट (टूल फक्त वाचतं), डिस्ट्रक्टिव्हहिंट (टूल विध्वंसक असू शकतं), शिवाय आणखी दोन. ते मुख्यतः क्लायंटसाठी (एजंट ज्या अ‍ॅपमधून चालतो त्यासाठी) असतात, म्हणजे माणसाची परवानगी कधी मागायची हे ठरवायला. काहीच भरलं नाही तर टूल विध्वंसक असू शकतं असं धरलं जातं, हे डीफॉल्ट मला आवडतं. उणीव अशी की उत्तर फक्त हो किंवा नाही. एक मसुदा पुसणारं टूल आणि अख्खं टेबल उडवणारं टूल, दोघांवर शिक्का एकच. डेटाबेसवर कुठलीही कमांड चालवणारं ‘रन_एसक्यूएल’सारखं सर्वभक्षी टूल असेल तर हिंटने काहीच कळत नाही; ते फोडून वाचायचं वेगळं आणि लिहायचं वेगळं करा. शिवाय भरवशाच्या नसलेल्या सर्व्हरचे (टूल्स पुरवणाऱ्या प्रोग्रॅमचे) हिंट खरे मानू नका, असं खुद्द स्पेसिफिकेशनच सांगतं.

आता टूलचं वागणं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधलं ‘गिट क्लीन’ घ्या. हे टूल ज्या फाइल्स पुसतं त्या सहसा गिटने कधी नोंदवलेल्याच नसतात, त्यामुळे गिटमधून त्या परत मिळत नाहीत. -एक्स हा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) लावला तर गिटला इग्नोर करायला सांगितलेल्या फाइल्सही जातात, आणि पासवर्ड ठेवलेली .एनव्ही फाइल बहुतेकदा त्यातच असते. म्हणून साधा ‘गिट क्लीन’ दिला की गिट नकार देतं. पूर्वीच्या एररमध्ये -आय (विचारून पुसणं), -एन (ड्राय रन) आणि -एफ (फोर्स, म्हणजे थेट पुसणं) या तिन्हींची नावं असत. आताच्या आवृत्त्या एवढंच म्हणतात की -एफ दिलेला नाही, म्हणून साफ करत नाही. टर्मिनलमधल्या माणसाला याने फरक पडत नसेल, पण एजंट यातून एकच अर्थ काढतो: -एफ लाव. -एनने नुसती यादी दिसते, हे जुन्या मजकुरातून निदान शोधता यायचं. कमांड चालण्याच्या क्षणी एजंटसमोर ही एररच असते, रीडमी नव्हे. तेव्हा तुमच्या टूलच्या नकारात आधी ड्राय रनची कमांड लिहा. फोर्सचा फ्लॅग तिथे सांगूच नका.

सर्व्हर वगैरे यंत्रणा कोडमधून उभारणाऱ्या टेराफॉर्मने हे जास्त नीट जमवलंय. ‘प्लॅन’ किती गोष्टी नव्या येणार, किती बदलणार आणि किती नष्ट होणार हे आकड्यांत सांगतो. तो फाइलमध्ये जपून ठेवला तर ‘अप्लाय’ तेवढंच करतो आणि मधल्या काळात स्टेट (उभारलेल्या गोष्टींची नोंद) बदललं असेल तर अडून बसतो. फक्त जपलेला प्लॅन लावताना तो पुन्हा ‘यस’ विचारत नाही, म्हणून एजंटला ‘प्लॅन’पुरतीच परवानगी द्या आणि ‘अप्लाय’ माणसाकडे ठेवा.

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या कमांड-लाइन क्लायंटमध्ये --सेफ-अपडेट्स हा पर्याय आहे. की-कॉलमवरची (इंडेक्स असलेल्या कॉलमवरची) अट किंवा ओळींच्या संख्येवर लिमिट नसलेले अपडेट आणि डिलीट तो चालू देत नाही. त्याचंच दुसरं अधिकृत नाव --आय-अ‍ॅम-अ-डमी असं आहे. एजंटच्या कनेक्शनला ते बिनदिक्कत लावा. बाहेरून आणलेल्या सर्व्हरचा कोड तुमच्या हातात नसेल तर वर्णन सुधारत बसू नका, त्याला फक्त वाचण्याचे हक्क असलेला डेटाबेस युजर द्या.